करडईचे तेल, ज्वारीची भाकरी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

सोलापूर जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीच्या जोडीने करडईचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आले आहे. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी घालावयाच्या, म्हणजे मोकाट गुरे आत शिरत नाहीत आणि घरच्या तेलाचीही सोय होते, अशी ही जुनी व शहाणपणाची रीत होय. गावच्या घाण्यावर करडई गाळून आणावयाची, तेल घरी ठेवावयाचे आणि पेंड जनावरांस घालावयाची, असा हा व्यवहार होता.

पुढे उजनी धरणाचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले. काट्यांमुळे काढणीस मजूर मिळेनासे झाले आणि करडई हळूहळू मागे पडली. गावोगावचे घाणे बंद झाले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते व त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. खेड्यातील दुकानात स्वस्त म्हणून तेच अधिक खपते. उलट, शहरात मात्र 'हृदयाला चांगले' म्हणून करडईच्या तेलाची विचारणा होते.

अशा वेळी गावातील शेतकरी कार्यकर्त्यास सरळ प्रश्न करतो, "करडईचे तेल खाल्ले म्हणजे कोलेस्टेरॉल जाते, हे खरे काय?" या प्रश्नास 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देणे योग्य नाही. पिकाचा प्रसार व्हावा म्हणून त्याचे गुण फुगवून सांगितले, तर एखादा रोगी औषध सोडून तेलावर विसंबेल. गुण सांगितलेच नाहीत, तर घरचे चांगले तेल विकून कमी प्रतीचे तेल विकत घेण्याची चाल तशीच राहील. म्हणून या विषयाची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. तो मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ असून मनुष्याच्या व सर्व पशुपक्ष्यांच्या शरीरात तो असतोच. १९ व्या शतकाच्या आरंभी शेव्रूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताशयातील खड्यांत सापडणाऱ्या या पदार्थास नाव दिले. ग्रीक भाषेतील 'पित्त' आणि 'घन' या अर्थाच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे.

शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणास कोलेस्टेरॉल लागते. अन्नातील स्निग्धांश पचविणारे पित्त यकृत त्यापासूनच तयार करते. स्त्री-पुरुषांच्या शरीरातील कित्येक संप्रेरके त्यापासून बनतात. उन्हात काम करताना कातडीत जे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, त्याचे मूळ द्रव्यही कोलेस्टेरॉलच्या कुळातील आहे. इतक्या गरजेची वस्तू शरीर केवळ अन्नावर सोपवीत नाही. तिचा मोठा भाग ते स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांत असते. मांस, यकृत, भेजा, अंड्याचा बलक, दूध, लोणी व तूप यांत ते असते. करडई, भुईमूग, सूर्यफूल, सोयाबीन, पाम यांपैकी कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नावापुरतेही म्हणता येणार नाही. म्हणून तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असले, तरी त्याने ते तेल इतर तेलांहून श्रेष्ठ ठरत नाही.

रक्तातील वाहतूक

तेल पाण्यात मिसळत नाही, त्याचप्रमाणे कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. ते प्रथिनांच्या आवरणात बांधून सूक्ष्म कणांच्या रूपाने नेले जाते. हे कण म्हणजे जणू मालाच्या गाड्याच होत. त्यांतील दोन प्रकार ओळखून ठेवावे. एल.डी.एल. नावाचे कण यकृताकडून निघालेला माल शरीरभर पोहोचवितात. एच.डी.एल. नावाचे कण ठिकठिकाणचे जादा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणतात. पहिल्यास बोलीभाषेत 'वाईट' व दुसऱ्यास 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात. वस्तुतः दोन्हींतील कोलेस्टेरॉल एकच असते. भेद आहे तो गाड्यांचा.

यकृताच्या पेशींवर एल.डी.एल. उतरवून घेणारे धक्के असतात. अमेरिकेतील ब्राउन व गोल्डस्टाइन या दोघा डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात ही व्यवस्था शोधून काढली व त्याबद्दल त्यांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धक्के पुरेसे असले तर गाड्या वेळेवर रिकाम्या होतात. ते कमी पडले तर भरलेल्या गाड्या रक्तातच फिरत राहतात आणि रक्ततपासणीत एल.डी.एल. वाढलेले दिसते.

काही घराण्यांत हे धक्के जन्मतःच अपुरे असतात. अशा घरांत तरुण वयात हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे एकापाठोपाठ आढळतात. डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळसर चकत्या, घोट्यामागील शिरेवर किंवा हाताच्या सांध्यांवर गाठी, ही कधी कधी त्याची बाह्य लक्षणे असतात. अशा कुटुंबातील सर्वांनी, मुलांसह, तपासणी करून घेणे आवश्यक आहे. केवळ पथ्याने हा दोष जात नाही.

रोहिणीच्या भिंतीत काय घडते?

पाण्याच्या नळात गाळ साचावा तसे कोलेस्टेरॉल रोहिणीत साचते, असे पुष्कळदा सांगितले जाते. समजण्यास हे सोपे असले, तरी पुरते खरे नाही. एल.डी.एल.चे कण रोहिणीच्या अस्तरातून आत शिरून भिंतीच्या जाडीत अडकतात. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांस गिळतात, त्या स्वतः तेथेच पडून राहतात आणि वर्षानुवर्षे तेथे मऊ लगद्याची गाठ वाढत जाते. तिच्यावर पातळ साय धरावी तसे आवरण असते. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी अस्तराला इजा झालेली असेल, तर हे काम अधिक वेगाने होते.

या काळात मनुष्यास काहीच दुखत नाही. तो नांगर धरतो, पोती उचलतो, जत्रेला जातो. एक दिवस ते पातळ आवरण फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी बनते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. यासच हृदयविकाराचा झटका म्हणतात. मेंदूच्या रोहिणीत असेच घडल्यास अर्धांगवायू होतो. रोग वीस-तीस वर्षे गुपचूप वाढतो व घडीभरात घरचा कर्ता मनुष्य हिरावून नेतो, म्हणूनच त्याची दखल आधी घ्यावयाची असते.

अन्नाचा संबंध कोठे येतो?

अन्नातील कोलेस्टेरॉल थोडेफार वाढले, तर बहुतेकांचे यकृत स्वतःचे उत्पादन कमी करून तोल सांभाळते. म्हणून निरोगी मनुष्याने कधीमधी एखादे अंडे खाल्ल्यास घाबरण्याचे कारण नाही. रक्तातील एल.डी.एल.वर अधिक परिणाम होतो तो अन्नातील स्निग्धांश कोणत्या प्रकारचा आहे, याचा.

स्निग्ध पदार्थ मेदाम्लांचे बनलेले असतात. त्यांचे तीन गट ध्यानात ठेवावे.

पहिला गट संपृक्त मेदाम्लांचा. ही अधिक असलेला पदार्थ थंडीत थिजतो. खोबरेलात ती सुमारे नव्वद टक्के, तुपात साठ टक्क्यांहून अधिक आणि पामतेलात जवळजवळ निम्मी असतात. यांच्या अतिसेवनाने यकृतावरील धक्के कमी होतात आणि एल.डी.एल. वाढते.

दुसरा गट असंपृक्त मेदाम्लांचा. भुईमुगाच्या तेलात एक-असंपृक्त, तर करडईच्या तेलात बहु-असंपृक्त मेदाम्ले प्रामुख्याने असतात. संपृक्त मेदाच्या जागी यांचा उपयोग केल्यास एल.डी.एल. उतरते.

तिसरा गट सर्वांत घातक. वनस्पती तुपासाठी पातळ तेल घट्ट करताना जी ट्रान्स मेदाम्ले तयार होतात, ती एल.डी.एल. वाढवितात आणि त्याच वेळी एच.डी.एल. घटवितात. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली आहे. हा नियम हिताचा आहे. तथापि भजी-वड्यांच्या कढईतील तेच ते तेल दिवसेंदिवस तापविण्याने होणारी हानी कायद्याने थांबत नाही. ती गिऱ्हाइकाने व घरच्या माणसांनीच टाळावयाची आहे.

करडईच्या तेलाचा गुण आणि त्याची मर्यादा

नेहमीच्या वाणांच्या करडई तेलात सुमारे पंचाहत्तर टक्के लिनोलिक आम्ल असते व संपृक्त मेद जेमतेम दहा टक्के असतो. लिनोलिक आम्ल शरीराला लागते, परंतु शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी प्राणिज चरबीऐवजी वनस्पतींची तेले देऊन पाहिली, तेव्हा रोग्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे आढळले. करडईच्या तेलाची कीर्ती जगभर पसरली ती तेव्हापासून.

परंतु कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील सिडने येथे १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतील एका गटास प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन भरपूर प्रमाणात देण्यात आले. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले. पण २०१३ साली या प्रयोगाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्या गटातील मृत्यू कमी न होता अधिक झाल्याचे दिसून आले. त्या काळच्या मार्गारिनमधील ट्रान्स मेदाचा त्यात भाग असावा, असे काही तज्ज्ञ मानतात. एकाच प्रकारचे मेदाम्ल फार अधिक झाले, असे इतरांचे मत आहे. दुसऱ्या बाजूस, अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली असा निर्वाळा दिला की, संपृक्त मेदाच्या जागी बहु-असंपृक्त तेल वापरल्यास हृदयविकार कमी होतो.

या दोन्ही गोष्टींतून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध साधा आहे. करडईचे तेल चांगले आहे, ते दुसऱ्या स्निग्ध पदार्थाच्या *जागी* वापरावयाचे म्हणून. पूर्वीचे तूप, वनस्पती व पामतेल तसेच ठेवून वरून करडईचे तेल ओतले, तर लाभ नाही. तसेच केवळ करडईवरच भिस्त न ठेवता तेलांची फेरपालट करावी. एक डबा करडईचा, तर पुढचा भुईमुगाचा, असे करणे सोयीचे पडते. करडईत जे ओमेगा-३ मेदाम्ल जवळजवळ नाही, ते जवसात भरपूर असते. म्हणून जवसाची चटणी रोज चमचाभर ताटात असावी. आपल्या जुन्या आहारात करडई, भुईमूग, जवस, कारळे व तीळ असे सर्वच थोडे थोडे होते. त्या मिश्रणातच शहाणपण होते.

करडईचे तेल जपूनही वापरावे लागते. बहु-असंपृक्त तेल उन्हाने, हवेने व वारंवार तापविण्याने लवकर खवट होते. ते फोडणीस, भाजीस व भाकरीबरोबर कच्चे खाण्यास उत्तम. तळणीसाठी भुईमुगाचे तेल बरे. एकदा तळलेले तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. तेल झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावे आणि एकदम वर्षाचे न गाळता गरजेपुरतेच गाळून आणावे. बी मात्र वाळवून वर्षभर टिकविता येते.

तेल किती खावे? डब्याचा हिशेब

तेल कोणतेही असो, त्याच्या एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतात. करडईचे तेल अधिक खाल्ले तरी वजन वाढतेच. बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २५ ग्रॅम व स्त्रीस सुमारे २० ग्रॅम दृश्य स्निग्धांश पुरेसा होतो. मेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषास ४० ग्रॅमपर्यंत चालतो. यात तेल, तूप, लोणी सर्व आले. चहाचा एक लहान चमचा म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम तेल होय.

स्वयंपाकघरात रोज कोणी तेल मोजत नाही. म्हणून हिशेब डब्यावरून करावा. माणशी २५ ते ३० ग्रॅम धरल्यास पाच प्रौढ माणसांच्या घरात महिन्यास पावणेचार ते साडेचार किलो तेल लागते. म्हणजे १५ किलोचा डबा सव्वातीन ते चार महिने पुरला पाहिजे. घरातील सर्वच जण शेतात कष्टाचे काम करीत असतील, तरीही तो अडीच महिने टिकावा. तोच डबा महिना-दीड महिन्यात संपत असेल, तर तेलाची जात बदलण्यापूर्वी त्याचे माप कमी करणे हा पहिला उपाय होय. डबा उघडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवल्यास हा हिशेब घरातील कोणालाही ठेवता येईल.

भाकरी, कडधान्य आणि चटणी

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनविते आणि ते आतड्यात सोडते, हे वर सांगितले. या पित्ताचा बराचसा भाग आतड्यातून पुन्हा शोषला जाऊन यकृताकडे परततो. अन्नात चोथा पुरेसा असला, विशेषतः पाण्यात फुगणारा चोथा, तर तो पित्तातील काही भाग आपल्यासोबत बाहेर नेतो. मग नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. कडधान्ये, डाळी, शेंगभाज्या, पेरू यांसारखी फळे आणि मेथीचे दाणे यांत असा चोथा असतो.

सोलापूरच्या ताटात या दृष्टीने उणे काही नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मोहोळ येथे निवडपद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही रब्बी ज्वारीत मानाचे स्थान राखून आहे. ज्वारीचे पीठ न चाळता वापरले जाते, त्यामुळे तिचा कोंडा व चोथा पोटात जातो. त्या भाकरीबरोबर मटकी, हुलगे, तूर किंवा हरभरा, करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, कांदा व ताक असा आहार असला, तर त्यावर कोणत्याही आहारशास्त्रज्ञाने आक्षेप घेऊ नये. भाकरीच्या जागी मैद्याची खारी, टोस्ट, बिस्किटे व फरसाण आले, तेथे खरी हानी झाली.

शेंगाचटणीविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. भुईमुगाचे दाणे गुणकारी आहेत. त्यांत प्रथिने व चांगला मेद आहे. तथापि दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते आणि चटणीत मीठही असते. रक्तदाब असणाऱ्याने चटणी चमच्याने घ्यावी, मुठीने नव्हे. मटणाच्या रश्श्यावरील तर्रीबाबतही हाच विवेक ठेवावा. सणावारी चवीपुरते निराळे आणि दर आठवड्यास वाटीभर तर्री पिणे निराळे.

अंगकाठीवरून अनुमान करू नये

'लठ्ठ माणसालाच कोलेस्टेरॉल असते. शेतात राबणाऱ्यास त्याची भीती नाही,' अशी समजूत सर्वत्र आढळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर मोलाचे संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटाभोवती मेद दडलेला असू शकतो, हे त्यावरून दिसून आले. आपल्या लोकांत एच.डी.एल. कमी व ट्रायग्लिसराइड नावाचा मेद अधिक, असा नमुनाही पुष्कळदा आढळतो आणि हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो.

ट्रॅक्टर, मोटारसायकल व ठिबक सिंचन आल्यापासून शेतीतील चालणे-वाकणेही कमी झाले आहे. त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र अंगमेहनत कमी झाली असेल तर ताटातील तेल-साखरही त्या प्रमाणात कमी झाली पाहिजे, आणि रोज अर्धा तास झपाझप चालणे झाले पाहिजे. तंबाखू, मिश्री, बिडी व गुटखा यांस आहारातील कोणतीही सुधारणा भरून काढू शकत नाही. ही व्यसने सोडणे हा हृदयरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

तपासणी आणि औषध

कोलेस्टेरॉल वाढल्याचे कोणतेही दुखणे नसल्यामुळे ते रक्त तपासूनच कळते. सर्वसाधारण निरोगी मनुष्यात एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तात २०० मिलिग्रॅमच्या आत, एल.डी.एल. १०० च्या आत, आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. एच.डी.एल. पुरुषांत ४० हून व स्त्रियांत ५० हून कमी नसावे. एखादा आकडा थोडा पुढे गेला म्हणून घाबरू नये. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि घराण्यातील इतिहास या सर्वांचा मिळून विचार डॉक्टर करतात.

आहार सुधारूनही एल.डी.एल. न उतरल्यास किंवा धोका अधिक असल्यास डॉक्टर स्टॅटिन गटाचे औषध देतात. या औषधाचा जन्म शेतीशी नाते सांगणारा आहे. जपानमधील अकिरा एंडो हे शेतकरी कुटुंबात जन्मलेले व कृषिविद्येचे शिक्षण घेतलेले संशोधक. बुरशीतून उपयुक्त द्रव्ये मिळतात, हे जाणून त्यांनी हजारो सूक्ष्मजीव तपासले. अखेर १९७३ साली तांदळावरील एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना यकृतातील कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. या गटातील पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. आज जगभर कोट्यवधी लोक ही औषधे घेतात. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी 'आता घरचे करडईचे तेल सुरू केले' म्हणून परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. गोळीने अंग दुखल्यासारखे वाटले, तर ते डॉक्टरांस सांगावे; ते मात्रा किंवा औषध बदलून देतात.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, अस्वस्थपणा, ही झटक्याची लक्षणे आहेत. स्त्रियांत व मधुमेह असणाऱ्यांत केवळ धाप व थकवा एवढेच दिसू शकते. 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा-लिंबू घेत रात्र काढू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाचा जितका वेळ जाईल तितका स्नायू मरतो.

घरापुरती करडई

आता पुन्हा शेताकडे वळू. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे आणि करडईवरील अखिल भारतीय समन्वित संशोधनाचे केंद्रही येथे आहे. करडईचे मूळ खोल जाऊन खालच्या थरातील ओल घेते, म्हणून पाऊस संपल्यावरही भारी जमिनीत ती तग धरते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भीमा, फुले कुसुमा हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. काट्यांची अडचण वाटणाऱ्यांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा नारी-६ व परभणीचा पी.बी.एन.एस.-४० हे बिनकाट्यांचे वाण आहेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी आटोपावी. उशीर झाल्यास मावा किडीचा त्रास वाढतो. काढणी पहाटे करावी, दहिवराने काटे मऊ असतात. क्षेत्र मोठे असल्यास गव्हाच्या कंबाइन यंत्रानेही काढणी करता येते.

पाच माणसांच्या कुटुंबास वर्षास सुमारे ५० किलो तेल लागते. त्यांतील निम्मे करडईचे ठेवावयाचे म्हटल्यास २५ किलो तेल हवे. घाण्यावर बियाच्या वजनाच्या चौथा हिस्सा तेल हाती येते असे धरल्यास त्यासाठी एक क्विंटल करडई पुरेल. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी सात क्विंटल उत्पादन धरले, तरी सुमारे पंधरा गुंठ्यांत ती होते. इतके क्षेत्र हरभऱ्याच्या किंवा ज्वारीच्या शेतातील ओळींतूनही निघू शकेल.

कार्यकर्त्यांनी गावात काय सांगावे?

ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत व शेतीशाळेत पुढील गोष्टी सांगाव्या. तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी. वनस्पती तूप बंद करावे, पामतेलाच्या जागी करडई व भुईमुगाचे तेल आलटून पालटून आणावे, आणि एकूण माप वाढू देऊ नये. तळलेले तेल पुन्हा वापरू नये. दोन वेळच्या जेवणात भाकरी व कडधान्य असावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लवकरच्या वयातील हृदयविकाराचा इतिहास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने कोलेस्टेरॉलही तपासावे. या कामी आशा व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य घ्यावे.

करडई हे औषध नव्हे. ते एक उत्तम तेलबियांचे पीक आहे. त्याची शिफारस करताना एवढेच खरे सांगितले, तरी ते पुरेसे आहे. शेतकऱ्याचा विश्वास अतिशयोक्तीने एका हंगामापुरता मिळतो. खऱ्या माहितीने तो टिकतो. ज्या घरात कर्ता पुरुष व घरची बाई साठी-सत्तरीपर्यंत धडधाकट राहतात, त्या घराची शेतीही टिकते. पेरणीपूर्वी बियाणे तपासण्याची जी सवय शेतकऱ्यांनी लावून घेतली आहे, तीच सवय स्वतःच्या रक्ताच्या बाबतीतही त्यांनी लावून घ्यावी.